पांढरं खा, पिवळं टाका? अंड्याविषयीचे गैरसमज आणि वस्तुस्थिती

अंबरनाथ, उल्हासनगर, बदलापूर या पट्ट्यात अंडं म्हणजे घाईतल्या माणसाचं अन्न. पहाटेची लोकल गाठायची म्हणून डब्यात उकडलेली दोन अंडी, कारखान्यातली पाळी संपवून येताना स्टेशनबाहेरच्या गाडीवर भुर्जी-पाव, रविवारी घरी अंडाकरी. गेल्या काही वर्षांत त्यात एक नवं ताट आलंय. जिममधून आलेला मुलगा सहा अंडी उकडतो, पांढरं खातो आणि सहा पिवळे गोळे बाजूला काढतो. रक्ताचा रिपोर्ट हातात पडल्यापासून त्याचे वडीलही तेच करू लागतात. आजी म्हणते, ‘‘अरे, अन्न टाकू नये.’’ इथे आजीचं म्हणणं विज्ञानाच्या बरंच जवळ जातं.

अंड्याचा पांढरा भाग हे उत्तम अन्न आहे, यात वाद नाही. काही माणसांना तर तो औषधासारखा उपयोगी पडतो. पण काहींसाठी असलेला हा सल्ला हळूहळू सगळ्यांचा नियम होऊन बसला. त्यामुळे आधी अंड्याच्या दोन भागांत काय असतं ते पाहू आणि मग एकेक समज तपासू.

अंड्याच्या आत काय असतं?

कवच काढून ५० ग्रॅम भरणारं अंडं घेतलं, तर त्यात साधारण ३३ ग्रॅम पांढरा भाग आणि १७ ग्रॅम पिवळा बलक असतो. पांढऱ्या भागात जवळजवळ ८८ टक्के पाणी आणि सुमारे ११ टक्के प्रथिनं असतात. चरबी नावापुरती आणि कोलेस्टेरॉल शून्य. एका अंड्याच्या पांढऱ्यातून सुमारे १७ कॅलरी आणि ३.६ ग्रॅम प्रथिनं मिळतात. पिवळ्यातून सुमारे ५५ कॅलरी, २.७ ग्रॅम प्रथिनं, साडेचार ग्रॅम चरबी आणि १८५ मिलिग्रॅमच्या आसपास कोलेस्टेरॉल मिळतं.

गैरसमज १ : सगळी ताकद पांढऱ्यात, पिवळ्यात नुसती चरबी

वस्तुस्थिती : वरचे आकडे पुन्हा पाहा. अख्ख्या अंड्यात ६.३ ग्रॅम प्रथिनं असतील, तर त्यातली २.७ ग्रॅम पिवळ्यात आहेत. म्हणजे पिवळं टाकलं की ४० टक्क्यांहून जास्त प्रथिनं कचऱ्यात गेली. वजनाला वजन तोललं, तर पिवळ्यातच प्रथिनं जास्त भरतात : १०० ग्रॅम पांढऱ्यात सुमारे ११ ग्रॅम आणि १०० ग्रॅम पिवळ्यात सुमारे १६ ग्रॅम. पांढरा भाग आकाराने मोठा असल्यामुळे एकूण बेरजेत तो पुढे जातो, एवढंच.

जीवनसत्त्वांचा हिशेब तर पार एकतर्फी आहे. अ, ड, ई आणि के ही चरबीत विरघळणारी जीवनसत्त्वं पांढऱ्यात नसतात, कारण तिथे चरबीच नाही. बी-१२ जवळजवळ सगळं पिवळ्यात असतं. एका अंड्यातून प्रौढ माणसाच्या रोजच्या गरजेच्या साधारण पाचवा हिस्सा बी-१२ मिळतं. मेंदू आणि यकृताला लागणारं कोलीन, डोळ्यांच्या पडद्याला उपयोगी असणारी ल्युटीन आणि झिअ‍ॅझँथिन ही द्रव्यंही पिवळ्यातलीच. पांढऱ्याच्या बाजूने मोजण्यासारखं आहे ते बी-२, म्हणजे रायबोफ्लेविन. कच्च्या पांढऱ्यावर जी हलकी हिरवट-पिवळी झाक दिसते, ती याच रायबोफ्लेविनची. पोटॅशियमही पांढऱ्यात थोडं जास्त असतं.

गैरसमज २ : पिवळं खाल्लं की कोलेस्टेरॉल वाढणारच

वस्तुस्थिती : हा समज हवेतून आलेला नाही. अमेरिकन हार्ट असोसिएशनने १९६८ साली आठवड्याला तीनपेक्षा जास्त पिवळे बलक खाऊ नका, असा सल्ला दिला होता. आहारातल्या कोलेस्टेरॉलवर रोज ३०० मिलिग्रॅमची मर्यादाही आली आणि ती जगभरच्या डॉक्टरांच्या बोलण्यात रुजली. एका अंड्यातच निम्म्याहून अधिक कोटा संपत असल्याने पिवळा बलक गुन्हेगार ठरला.

नंतरच्या संशोधनात चित्र बदललं. रक्तातलं बहुतेक कोलेस्टेरॉल आपलं शरीरच बनवतं, त्यात यकृताचा वाटा मोठा. खाण्यातून जास्त आलं, तर बहुतेकांचं शरीर स्वतःचं उत्पादन कमी करतं. रक्तातलं घातक एलडीएल कोलेस्टेरॉल वाढवण्यात संपृक्त चरबी आणि ट्रान्स फॅट यांचा हात अधिक असतो. अंड्यात संपृक्त चरबी दीड ग्रॅमच्या आसपास आहे. त्यामुळे अमेरिकेच्या २०१५-२०२० च्या आहार मार्गदर्शिकेतून ३०० मिलिग्रॅमची मर्यादा काढून टाकण्यात आली. निरोगी माणसाला रोज एक अख्खं अंडं चालतं, असं आता अमेरिकन हार्ट असोसिएशनही म्हणते.

अर्थात हे सरसकट परवानापत्र नव्हे. काहींच्या शरीरात खाण्यातल्या कोलेस्टेरॉलचा परिणाम जास्त दिसतो. मधुमेह, आधीपासूनचा हृदयविकार किंवा घराण्यात चालत आलेलं वाढीव कोलेस्टेरॉल असेल, तर पिवळ्याचं प्रमाण डॉक्टरांशी बोलूनच ठरवावं. आणि अंडं कशासोबत येतं तेही पाहावं. तव्यावर लोण्याचा गोळा, वर चीज, सोबत लोण्यात भाजलेले चार पाव, आणि एवढं करून अंड्यातलं पिवळं मात्र वगळलेलं! यात हृदयाचं भलं कमी आणि मनाचं समाधान जास्त.

गैरसमज ३ : कच्चं अंडं जास्त ताकद देतं

वस्तुस्थिती : तालमीतल्या पहिलवानांपासून सिनेमातल्या नायकांपर्यंत सगळ्यांनी हा समज पोसला. दुधात कच्चं अंडं फोडून घटाघट प्यायचं, की झालं! पण बेल्जियममधल्या लूव्हेन विद्यापीठातल्या संशोधकांनी १९९८ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात नेमकं उलट आढळलं. शिजवलेल्या अंड्यातली सुमारे ९१ टक्के प्रथिनं लहान आतड्यात पचली, कच्च्यातली फक्त ५१ टक्के. म्हणजे दोन कच्ची अंडी प्यायली, तर हाती पडतं ते शिजवलेल्या एका अंड्याहून थोडंसंच जास्त.

याचं कारण प्रथिनांच्या रचनेत आहे. कच्च्या पांढऱ्यातली प्रथिनं घट्ट घड्या घातलेल्या अवस्थेत असतात, शिवाय पचनाच्या रसांना अटकाव करणारी काही प्रथिनंही त्यात असतात. उष्णता लागली की घड्या उलगडतात आणि आपल्या पाचक रसांना आत शिरता येतं. पारदर्शक पांढरं तव्यावर पडताच दुधी होतं, ते याच बदलामुळे. हा बदल साधारण ६० अंश सेल्सिअसच्या पुढे सुरू होतो. पांढऱ्यातलं मुख्य प्रथिन, ओव्हाल्ब्युमिन, ८० अंशांच्या आसपास पक्कं घट्ट होतं.

कच्च्या पांढऱ्यात अ‍ॅव्हिडिन नावाचं आणखी एक प्रथिन असतं. ते बायोटिन या जीवनसत्त्वाला इतकं घट्ट धरून ठेवतं, की शरीराला ते घेताच येत नाही. एखाद्या दिवशी कच्चं पांढरं पोटात गेलं म्हणून काही बिघडत नाही, पण महिनोन्‌महिने रोज पुष्कळ कच्चं पांढरं खाणाऱ्यांमध्ये बायोटिनची कमतरता आणि त्यातून केसगळती, त्वचेवर चट्टे असे त्रास दिसलेले आहेत. शिजवल्यावर अ‍ॅव्हिडिन निकामी होतं. बाटलीत किंवा पाकिटात मिळणारं पाश्चराइज केलेलं द्रव पांढरं जंतूंच्या दृष्टीने सुरक्षित असलं, तरी त्या सौम्य उष्णतेने अ‍ॅव्हिडिन पुरतं मोडत नाही. तेव्हा तेही शिजवूनच खावं. घरी फोडलेल्या कच्च्या अंड्यात साल्मोनेला जंतूंचा धोका असतो, तो वेगळाच.

गैरसमज ४ : शरीर कमवायचं तर रोज डझनभर पांढरी हवीतच

वस्तुस्थिती : भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या (आयसीएमआर) शिफारशीनुसार सर्वसाधारण प्रौढाला रोज दर किलो वजनामागे ०.८३ ग्रॅम प्रथिनं पुरतात, म्हणजे ६० किलोच्या माणसाला साधारण ५० ग्रॅम. नियमित वजनं उचलणाऱ्याला यापेक्षा जास्त लागतात, हे खरं. पण बारा पांढऱ्यांतून ४३ ग्रॅम प्रथिनं मिळवण्यासाठी बारा पिवळे टाकायचे, हा महागडा आणि उफराटा मार्ग झाला. एक-दोन अख्खी अंडी, घट्ट वरणाची वाटी, मटकीची उसळ, दूध-दही, जमल्यास मासळी किंवा चिकन, असं दिवसभरात विभागलं तरी गरज भागते.

स्नायूंच्या वाढीबद्दलही एक लक्षात घेण्यासारखा अभ्यास आहे. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगात व्यायामानंतर काही तरुणांना अख्ख्या अंड्यांमधून १८ ग्रॅम आणि मग दुसऱ्या खेपेला फक्त पांढऱ्यातून १८ ग्रॅम प्रथिनं दिली गेली. प्रथिनं तेवढीच असूनही अख्खी अंडी खाल्ल्यावर स्नायूंमध्ये प्रथिनांची बांधणी जास्त झाली. दहाच जणांवरचा हा प्रयोग होता, म्हणून तो शेवटचा शब्द मानू नये. पण पिवळं टाकल्याने स्नायू जास्त वाढतात, या समजाला त्यातून आधार मिळत नाही.

वजन उतरवणाऱ्यांचं थोडं वेगळं आहे. तिथे कॅलरी मोजायच्या असतात आणि पोटही भरायला हवं असतं. १७ कॅलरीत ३.६ ग्रॅम प्रथिनं हा सौदा दुसरीकडे सहज मिळत नाही. मग एक-दोन अख्ख्या अंड्यांत दोन पांढरी वाढवून ऑम्लेट केलं, तर दोन्ही हेतू साधतात.

गैरसमज ५ : अंड्याच्या पांढऱ्याने किडनी खराब होते

वस्तुस्थिती : किडनी निरोगी असेल तर रोजच्या जेवणातल्या अंड्यांनी ती बिघडते, असा पुरावा नाही. किडनी आधीच कमजोर झालेली असेल, तर मात्र दोन टप्पे वेगळे ओळखायला हवेत, आणि घरोघरी घोळ होतो तो इथेच.

पहिला टप्पा डायलिसिसच्या आधीचा. यात किडनीवरचा ताण कमी ठेवण्यासाठी डॉक्टर बहुधा एकूण प्रथिनंच मोजून द्यायला सांगतात, मग ती अंड्यातली असोत की डाळीतली. दुसरा टप्पा डायलिसिस सुरू झाल्यावरचा. प्रत्येक खेपेला रक्तातल्या कचऱ्यासोबत काही प्रथिनद्रव्यंही वाहून जातात, म्हणून आता आहारातली प्रथिनं वाढवावी लागतात. पण अशा रुग्णाच्या रक्तात फॉस्फरस साचत असतो आणि प्रथिनांचे बहुतेक पदार्थ फॉस्फरसही घेऊनच येतात. पांढरा भाग इथे कामी येतो. एका पांढऱ्यात फॉस्फरस जेमतेम ५ मिलिग्रॅम असतो, पिवळ्यात ६५ मिलिग्रॅमच्या पुढे. डायलिसिसच्या रुग्णाला ‘पांढरं खा, पिवळं नको’ असं सांगतात ते या कारणासाठी. तोच सल्ला ऐकून शेजारच्या धडधाकट माणसानेही पिवळं सोडावं, हे मात्र बरोबर नाही. आणि कालपर्यंत प्रथिनं कमी करा म्हणणारे डॉक्टर आज वाढवा म्हणाले, तर ते गोंधळलेत असंही नाही. रुग्णाचा टप्पा बदललेला असतो.

गैरसमज ६ : लहान मुलांना अंडं सोसत नाही, द्यायचंच तर नुसतं पांढरं द्यावं

वस्तुस्थिती : वाढत्या मुलांना तर अख्खंच अंडं हवं, कारण अ जीवनसत्त्व, बी-१२, कोलीन हे सगळं पिवळ्यात आहे. वरचा आहार सुरू झाल्यावर, म्हणजे सहा महिन्यांनंतर, पूर्ण शिजवलेलं अंडं कुस्करून थोडं थोडं देता येतं. पूर्वी पांढरं वर्षभर लांबवायला सांगत, ती पद्धत आता मागे पडली आहे. सावधगिरी एवढीच, की अंड्याची अ‍ॅलर्जी प्रामुख्याने पांढऱ्यातल्या प्रथिनांची असते. पहिल्यांदा चमचाभरच द्यावं. अंगावर गांधी उठणं, ओठ सुजणं, उलट्या असं काही दिसलं, तर थांबून डॉक्टरांना दाखवावं. बाळाला तीव्र इसब असेल, तर आधीच विचारावं. बहुतेक मुलांची ही अ‍ॅलर्जी वाढत्या वयात जाते.

मुलांच्या ताटात अंडं असावं की नसावं, हा महाराष्ट्रात धोरणाचाही विषय झाला आहे. आदिवासी क्षेत्रांतल्या लहान मुलांना डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम अमृत आहार योजनेतून अंडी देण्याचं काम २०१६ मध्ये सुरू झालं. आपल्या ठाणे जिल्ह्यातला शहापूर तालुका अशाच क्षेत्रात येतो. नोव्हेंबर २०२३ मध्ये राज्य सरकारने शालेय पोषण आहारात आठवड्याला एक अंडं द्यायचं ठरवलं. अंडं न खाणाऱ्या मुलांसाठी केळ्याचा किंवा फळाचा पर्याय ठेवला. त्यावर विरोधही झाला. जानेवारी २०२५ मध्ये सरकारने अंड्यांसाठीचा निधी थांबवला आणि शाळांनी लोकसहभागातून खर्च भागवावा, असं सांगितलं. कुणी काय खावं हा ज्याच्या त्याच्या घरचा प्रश्न. पण जी मुलं अंडं खातात, त्यांना आठवड्याला एखादं अंडंसुद्धा दुसरीकडून मिळत नसेल, तर ‘नुसतं पांढरं’ ही चैन त्यांच्यासाठी नाही.

अंड्याने रक्त वाढतं, हा समजही इथेच तपासून घ्यावा. पांढऱ्यात लोह जवळजवळ नाही. पिवळ्यात थोडं आहे, पण ते शरीरात नीट शोषलं जात नाही. रक्त कमी असेल, तर अंड्याच्या भरवशावर राहू नये. तपासणी करून डॉक्टर सांगतील त्या लोहाच्या गोळ्या घ्याव्यात आणि जेवणात पालेभाजी-कडधान्यांवर लिंबू पिळावं.

गैरसमज ७ : गावठी अंडं जास्त पौष्टिक, पांढऱ्या कवचाचं बेचव आणि निकृष्ट

वस्तुस्थिती : कवचाचा रंग कोंबडीच्या जातीवर ठरतो. लेगहॉर्न जातीची कोंबडी पांढरी अंडी देते, दुसऱ्या काही जातींची तपकिरी. आतल्या प्रथिनांत त्यामुळे फरक पडत नाही. पिवळ्या बलकाचा गडदपणा कोंबडीच्या खाण्यावर अवलंबून असतो. मका, हिरवा पाला खाणारीचा बलक अधिक केशरी दिसतो. मोकळ्या फिरणाऱ्या कोंबडीच्या अंड्याची चव कुणाला जास्त आवडेल, त्यासाठी कुणी चार पैसे जास्तही मोजेल. पण पांढऱ्या भागाचं पोषण दोन्हींत जवळपास सारखंच.

गैरसमज ८ : बाजारातल्या प्रत्येक अंड्यात जीव असतो

वस्तुस्थिती : अंडी देणाऱ्या कोंबड्यांच्या पोल्ट्रीत कोंबडे ठेवलेले नसतात. त्यामुळे दुकानातली अंडी फलित झालेली नसतात आणि कितीही उबवली तरी त्यांतून पिल्लू निघत नाही. पांढऱ्यात दिसणारा पिळदार दोरा पिल्लाचा अंश नाही. बलकाला मधोमध टांगून ठेवणारी ती प्रथिनांची दोरी असते आणि ताज्या अंड्यात ती जास्त ठळक दिसते. क्वचित दिसणारा रक्ताचा ठिपकाही अंडं तयार होताना फुटलेल्या बारीक रक्तवाहिनीचा असतो. शिजवून खायला हरकत नाही.

निर्बीज, म्हणजे फलित न झालेल्या अंड्याचा मुद्दा महात्मा गांधींनीही मांडला होता. पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये नजरकैदेत असताना १९४२ साली लिहिलेल्या आरोग्यावरच्या पुस्तिकेत, ज्याला दूध चालतं त्याची निर्बीज अंड्याला हरकत नसावी, असं मत त्यांनी दिलं आहे. तरीही शाकाहाराची रेघ कुठे ओढायची, हे विज्ञान ठरवू शकत नाही. ज्याचं त्याने ठरवावं, फक्त माहिती खरी असावी.

गैरसमज ९ : प्लास्टिकची अंडी, बर्ड फ्लू... त्यापेक्षा अंडंच नको

वस्तुस्थिती : ‘प्लास्टिकच्या अंड्यां’चे व्हिडिओ २०१७ च्या सुमारास देशभर फिरले. कवच, पातळ पडदा, पांढरं आणि पिवळं अशी हुबेहूब रचना कारखान्यात करून ती खऱ्या अंड्याच्या भावात विकणं कुणालाच शक्य नाही. अन्न सुरक्षा प्राधिकरणानेही ही अफवा असल्याचं स्पष्ट केलं. जुनं झालेलं अंडं फोडल्यावर पांढरं पाण्यासारखं पसरतं आणि पडदा जाड वाटतो, त्यातून अशा शंका निघतात.

बर्ड फ्लू मात्र अफवा नव्हता. फेब्रुवारी २०२२ मध्ये शहापूर तालुक्यातल्या वेहळोली इथे कोंबड्या दगावल्या, तपासणीत एच५एन१ विषाणू आढळला आणि परिसरातल्या हजारो कोंबड्या नष्ट करण्यात आल्या. अशा वेळी बाधित भागातली अंडी बाजारात येऊ दिली जात नाहीत. आणि अन्न आतपर्यंत ७० अंश सेल्सिअसला पोचलं की हा विषाणू मरतो. पिवळं घट्ट होईपर्यंत शिजवलेलं अंडं सुरक्षित. त्या दिवसांत हाफ फ्राय आणि कच्चं अंडं तेवढं टाळावं.

गैरसमज १० : उन्हाळ्यात अंडं बाधतं

वस्तुस्थिती : प्रथिनं पचवताना शरीराची थोडी जास्त ऊर्जा खर्ची पडते आणि किंचित उष्णता निर्माण होते. पण डाळ किंवा मासे खाल्ल्यावरही तेच होतं. त्यामुळे उन्हाळ्यात रोज एक-दोन अंडी खाल्ल्याने निरोगी माणसाला अपाय होत नाही. उन्हाळ्यात खरी काळजी घ्यायची ती अंडं टिकण्याची. बदलापूरहून सीएसएमटी म्हणजे दीड तासाच्या आसपासचा प्रवास, गच्च डबा आणि मे महिना. सोललेलं उकडलेलं अंडं अशा उकाड्यात तासाभराहून जास्त वेळ बाहेर राहू नये. डब्यात न्यायचं तर पूर्ण गार करून, कवचासकट न्यावं आणि कामावर पोचताच खावं किंवा फ्रिजमध्ये ठेवावं.

पांढऱ्याचा स्वयंपाकात खरा उपयोग

पांढऱ्याला स्वतःची चव फारशी नसते, म्हणून ते कुठेही खपतं. नुसत्या पांढऱ्याची भुर्जी मोठ्या आचेवर चिवट होते, कारण तिला मऊ ठेवणारी चरबी त्यात नाही. कांदा-टोमॅटो आधी नीट परतून, आच मंद करून मग पांढरं घालावं आणि ओलसर असतानाच उतरवावं. उकडलेल्या पांढऱ्याचे तुकडे काकडी-कांद्याच्या कोशिंबिरीत किंवा मोडाच्या मुगात छान जातात. पांढरं फेटून केकला हलकेपणा आणायचा असेल, तर भांडं कोरडं हवं आणि त्यात पिवळ्याचा थेंबही नको. जराशी चरबीही फेस बसवते.

अंडी उकडताना उकळी आल्यावर नऊ-दहा मिनिटं पुरेत. जास्त उकडलं की पिवळ्याभोवती हिरवट कडं येतं. पांढऱ्यातलं गंधक आणि पिवळ्यातलं लोह यांच्या संयोगाने ते तयार होतं. दिसायला वाईट, पण अपायकारक नाही. अगदी ताज्या अंड्याचं कवच नीट सुटत नाही. चार-आठ दिवसांत आतला कार्बन डायऑक्साइड निघून गेला की पांढरं जास्त अल्कधर्मी होतं आणि सोलणं सोपं जातं.

डॉक्टरांनी नुसतं पांढरंच सांगितलं असेल, तरी पिवळं टाकायची गरज नाही. घरातल्या इतरांच्या भुर्जीत किंवा अंडाकरीच्या रश्श्यात ते जातं. गोव्याच्या बेबिंकामध्ये तर पिवळे बलकच लागतात. कच्चं पिवळं झाकून फ्रिजमध्ये ठेवलं, तर दोन दिवसांत वापरून टाकावं.

मग कुणी काय खावं?

* निरोगी मुलं, तरुण, गरोदर आणि स्तनदा माता, वयस्कर माणसं : पूर्ण शिजवलेलं अख्खं अंडं.
* वजन उतरवणारे किंवा जास्त प्रथिनं हवी असलेले : एक-दोन अख्खी अंडी, वरून एक-दोन पांढरी.
* मधुमेह, हृदयविकार, वाढलेलं एलडीएल : पांढरं निर्धास्त, पिवळं किती ते डॉक्टरांना विचारून.
* डायलिसिसवरचे रुग्ण : मुख्यतः पांढरं, आहारतज्ज्ञ सांगतील तेवढं.
* डायलिसिसपूर्वीचा किडनीविकार : एकूण प्रथिनांचं मोजमाप डॉक्टरांकडूनच.
* अंड्याची अ‍ॅलर्जी असलेले : पांढरं नको, पिवळंही नको, घरी वेगळं काढताना पांढऱ्याचा अंश पिवळ्याला राहतोच.

या यादीनुसार निरोगी माणसांच्या वाट्याला अख्खंच अंडं येतं. पिवळं बाजूला काढण्याआधी एकच प्रश्न विचारावा : हे मला माझा रिपोर्ट पाहून कुणी सांगितलंय, की दुसऱ्याला सांगितलेलं मी ऐकलंय? दुसरं उत्तर असेल, तर पिवळ्यासकट खाऊन टाकावं.